गाडीचे छप्पर कशाचे करावे?

वसईत राहणाऱ्या माणसाला पाऊस आणि खारी हवा यांच्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्रावरून खारा वारा येत असतो. खिडकीचे गज, सायकलची साखळी, अंगणातला नळ, सारे काही येथे लवकर गंजते. अशा गावात पन्नास वर्षांपूर्वीची एखादी मोटारगाडी अजून चालू असेल, तर तिच्या मालकाचे कौतुकच करायला हवे.

आमच्या शेजारच्या काकांकडे अशी एक गाडी आहे. ती १९७४ सालची मॅटॅडोर आहे. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९६९ पासून या गाड्या भारतात तयार केल्या. तुमच्या आजोबांना विचारा. मालवाहू मॅटॅडोर त्यांना चांगली आठवत असेल. काकांनी मात्र आपल्या गाडीत निजायला दोन बाकडी, एक छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून तिचे फिरते घर केले होते. छपराच्या मध्यभागी एक मोठे झाकण होते. ते वर उचलले की गाडीत उभे राहता येई आणि वाराही येई. युरोपात १९५० नंतरच्या दशकात अशा फिरत्या घरांची मोठी लाट आली होती. जर्मनीतील वेस्टफालिया कारखान्याने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाड्या अशा रीतीने सजवल्या. काकांनी त्यांची चित्रे पाहिली होती आणि तेवढ्यावर आपली गाडी केली होती.

सहा वर्षांपूर्वी या गाडीचे छप्पर मागच्या बाजूला गंजून त्याला भोके पडली. काका माझ्याकडे आले. "तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता. नवा पत्रा कशाचा घालू?" मी फारसा विचार न करता म्हणालो, "ॲल्युमिनियमचा घाला. तो गंजत नाही." काकांनी तसेच केले. सव्वा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा जुन्या लोखंडी छपरावर पोलादी स्क्रूंनी आवळून बसवला.

तिसऱ्या पावसाळ्यात काका-काकी नातवंडांना घेऊन जव्हारला गेले. रात्री दोन वाजता छपरातून पाण्याची धार लागली. अंथरूण भिजले, धाकटा नातू तापाने फणफणला आणि काकी म्हणाल्या, "यापुढे मी या गाडीत पाऊल टाकणार नाही." परत आल्यावर भंगारवाला येऊन वजनावर भावही सांगून गेला.

मी तो तुकडा काढून पाहिला. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी साचली होती आणि ॲल्युमिनियमची अक्षरशः चाळण झाली होती. खालचे लोखंड मात्र बऱ्यापैकी शाबूत होते! काकांची नात नववीत आहे. तिने विचारले, "सर, गंजतो तो लोखंडाचा पत्रा. मग ॲल्युमिनियमच कसे खाल्ले गेले?"

प्रश्न अगदी योग्य होता. चूक माझी होती. तिचे उत्तर शोधताना आम्ही दोघांनी मिळून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

दोन धातू आणि खारे पाणी

तुम्ही शाळेत व्होल्टाचा विद्युत्‌घट शिकला असाल. दोन वेगवेगळे धातू क्षारयुक्त पाण्यात ठेवून तारेने जोडले की विद्युत्‌प्रवाह वाहू लागतो. जो धातू इलेक्ट्रॉन अधिक सहजपणे सोडतो तो झिजतो आणि दुसरा वाचतो. हा सहजपणा मोजण्यासाठी प्रत्येक धातूला एक विद्युत्‌-विभव ठरवून दिलेला असतो. तांब्याचा +०.३४ व्होल्ट, लोखंडाचा -०.४४, जस्ताचा -०.७६ आणि ॲल्युमिनियमचा -१.६६ व्होल्ट. आकडा जितका ऋण, तितका तो धातू इलेक्ट्रॉन सोडण्यास उत्सुक.

आता तुम्ही म्हणाल, मग ॲल्युमिनियम एरवी टिकते कसे? त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर असतो. तोच त्याचे चिलखत. परंतु मिठातील क्लोराइड आयन या चिलखताला बारीक छिद्रे पाडतात. काकांच्या छपरावर ॲल्युमिनियम होते, पोलादी स्क्रू होते आणि दोघांच्या फटीत वसईचे खारे दव साचलेले होते. म्हणजे आम्ही छपरावर एक विद्युत्‌घटच बांधून ठेवला होता! त्यात ॲल्युमिनियम झिजले आणि लोखंड वाचले. एकटे असताना न गंजणारे ॲल्युमिनियम वाईट सोबतीमुळे गेले.

पण फटीत पाणी शिरले कसे? तुकडा बसवताना कडेला सीलबंद करणारी लांबी भरली होती. तिचे काय झाले?

उन्हात वाढणारा पत्रा

याचे उत्तर उष्णतेने होणाऱ्या प्रसरणात आहे. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी १ अंश सेल्सियसने तापली तर सुमारे ०.०१२ मि.मी. वाढते. तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी ०.०२३ मि.मी. वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. डिसेंबरातल्या पहाटे छपराचे तापमान २० अंश असेल आणि दुपारी उन्हात ते ६५ अंशांवर गेले, तर फरक ४५ अंशांचा झाला. १.२ मीटर लांबीच्या तुकड्यासाठी गणित करा.

पोलाद : १.२ × ०.०१२ × ४५ = सुमारे ०.६५ मि.मी.
ॲल्युमिनियम : १.२ × ०.०२३ × ४५ = सुमारे १.२४ मि.मी.

दोघांत जवळजवळ ०.६ मि.मी.चा फरक पडला. हा फरक फार मोठा वाटत नाही ना? पण तो रोज पडतो. सकाळी पत्रा ताणला जातो आणि रात्री आखडतो. तीन वर्षांत असे हजारावर हेलकावे झाले. स्क्रूंची भोके हळूहळू रुंदावली, लांबीला चिरा पडल्या, त्यांतून खारे पाणी शिरले आणि मग विद्युत्‌घटाचे काम सुरू झाले. एका कारणाने दुसऱ्याला वाट करून दिली.

एस.टी.ने काय केले?

छपराचा हा प्रश्न केवळ आमच्या काकांचा नाही. आपल्या एस.टी.लाही तो पडला होता. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पहिली एस.टी. बस धावली. तिचा सांगाडा लाकडी होता आणि वर कापडी छप्पर होते. पुढे धातूच्या बॉड्या आल्या. पोलाद कोकणासारख्या किनारी भागात फार गंजते, असा अनुभव आल्यावर १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या बॉड्या सुरू झाल्या. त्या अनेक दशके चालल्या. मात्र अपघातात ॲल्युमिनियमची बॉडी पोलादाइतकी तग धरत नाही, म्हणून २०१८ च्या सुमारास महामंडळ पुन्हा पोलादी बॉड्यांकडे वळले.

आता सांगा, एस.टी.चा आधीचा निर्णय चुकला की नंतरचा? खरे तर दोन्ही आपापल्या जागी बरोबरच होते. आधी प्रश्न होता गंजण्याचा, नंतर प्रश्न झाला प्रवाशांच्या जिवाचा. म्हणून 'सर्वांत चांगला पदार्थ कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या कामासाठी?' हे आधी विचारावे लागते. मी काकांना उत्तर देताना हेच विसरलो होतो.

छपराची कामे कोणती?

या वेळी आम्ही कागद घेऊन बसलो आणि छपराला काय काय करावे लागते, याची यादी केली. पाऊस अडवणे, ऊन अडवणे, गाडी उलटली तर आत बसलेल्यांना वाचवणे, खड्ड्यांत हिसके बसले तरी न वाकणे आणि हे सर्व करून फार जड न होणे. छप्पर जड झाले की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

मग आम्ही चार पदार्थ घेतले : पोलाद, ॲल्युमिनियम, काचतंतूंचे प्लॅस्टिक आणि प्लायवूड. काचतंतूंच्या प्लॅस्टिकला बाजारात सगळे 'फायबर' म्हणतात. काचेच्या बारीक तंतूंची चटई राळेत भिजवून ते करतात. पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला गेलात तर लाकडी होड्यांबरोबर फायबरच्या होड्याही दिसतील. खाऱ्या पाण्यात ते गंजत नाही, कारण तो धातूच नव्हे.

छपराचे क्षेत्रफळ सुमारे ४.५ चौरस मीटर. मूळ पोलादी पत्रा ०.९ मि.मी. जाडीचा. पोलादाची घनता दर घनमीटरला ७८५० कि.ग्रॅ. म्हणून त्याचे वजन

४.५ × ०.०००९ × ७८५० = सुमारे ३२ कि.ग्रॅ.

याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला तर वजन जेमतेम ११ कि.ग्रॅ. भरेल. पण थांबा, येथे एक फसगत आहे. पोलादाचा स्थितिस्थापकता-गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आहे, तर ॲल्युमिनियमचा ७० आणि साध्या फायबरचा अवघा ८ च्या आसपास. म्हणजे त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या मानाने तिप्पट सहज वाकेल. तुलना करायची तर सारखेच न वाकणारे पत्रे घ्यायला हवेत.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून ॲल्युमिनियमची जाडी तिप्पट करावी लागत नाही. (२०० ÷ ७०) चे घनमूळ सुमारे १.४२ येते. म्हणजे १.२८ मि.मी. जाडी पुरे. वजन साडेपंधरा कि.ग्रॅ. फायबरसाठी (२०० ÷ ८) म्हणजे २५ चे घनमूळ २.९२, जाडी २.६ मि.मी. आणि दर घनमीटरला १५०० कि.ग्रॅ. घनता धरली तर वजन साडेसतरा ते अठरा कि.ग्रॅ. म्हणजे फायबर ॲल्युमिनियमपेक्षा कमी घनतेचे असूनही छप्पर थोडे जडच भरते! केवळ घनता पाहून हे कळले नसते.

प्लायवूड हलके असते, पण कडांनी पाणी पिऊन फुगते आणि त्याचे थर सुटतात. काकांचे जुने झाकण प्लायवूडचेच होते. कोरडे असताना बारा किलोंच्या आसपास असलेले ते झाकण पावसाळ्यात इतके जड होई, की काकींना ते एकटीने उचलता येत नसे.

ऊन अडवते कोण?

नातीने आणखी एक प्रश्न काढला. "लोक म्हणतात फायबर थंड असते. ते खरे का?"

भर दुपारी उन्हातून दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊर्जा मिळते. ४.५ चौरस मीटर छपरावर ४५०० वॅट. गडद रंगाचे छप्पर यांतली नव्वद टक्के शोषून घेते. म्हणजे अंघोळीचे पाणी तापवणारे दोन हीटर डोक्यावर लावून बसल्यासारखे झाले. पांढरा रंग लावला तर शोषण पाव भागावर येते. तेव्हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा आहे. खालचा पदार्थ कोणता, याचा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

उरलेली उष्णता आत येते. पदार्थाची जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता, म्हणजे त्याने उष्णतेला केलेला विरोध. पोलादाच्या पत्र्याचा विरोध ०.००००२ इतका नगण्य. फायबरचा त्याच्या पाचशेपट, म्हणजे ०.०१. ऐकायला फार मोठा वाटतो. पण छपराच्या आतबाहेरच्या हवेच्या थरांचाच विरोध सुमारे ०.१५ असतो. त्यात ०.०१ ची भर म्हणजे काहीच नव्हे. याउलट २५ मि.मी. जाडीच्या फेसाळ प्लॅस्टिकच्या पाट्याचा विरोध ०.८ च्या पुढे जातो. म्हणून फायबर थंड असते हा समज खरा नाही. अडवते ती फेसात कोंडलेली हवा.

फेस मात्र बंद पेशींचा हवा. काकांनी पूर्वी पत्र्याखाली साधा स्पंज लावला होता. चार माणसे रात्रभर झोपली तर श्वास व घामावाटे सुमारे एक लिटर पाणी हवेत जाते. पहाटे थंड पत्र्याला लागून त्याचे दव होते. स्पंजाने ते शोषून धरले आणि छप्पर बाहेरून नव्हे, आतून गंजले. भोके कशाने पडली, हे तेव्हा आम्हाला उमगले.

शेवटी काय केले?

आमच्या यादीतील कामे छपराच्या वेगवेगळ्या भागांना वाटून दिल्यावर निर्णय सोपा झाला. बाजूचा आणि मागचा भाग गाडीच्या पेटीचा हिस्सा आहे; अपघातात तोच आकार धरून ठेवतो. तेथे पोलादच हवे, तेही वेल्डिंग करून, म्हणजे प्रसरण सारखे होईल आणि दोन धातू एकत्र येणार नाहीत. शिवाय गाडीच्या रचनेत बदल करायचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आर.टी.ओ.ची परवानगी लागते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याचे नियम केले. त्यांतही गाडी मूळ रूपात असावी लागते. काकांना तो मार्ग उद्यासाठी मोकळा ठेवायचा होता.

म्हणून वालीवच्या एका कारागिराकडून गंजलेला भाग निकोप धातू लागेपर्यंत कापला आणि तेथे जस्त चढवलेला पोलादी पत्रा, म्हणजे जी.आय. पत्रा, बसवला. वर दिलेले आकडे पुन्हा पाहा. जस्ताचा विभव लोखंडापेक्षा ऋण आहे. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. ॲल्युमिनियमचा घात करणारा तोच नियम येथे आपल्या उपयोगी पडला! वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त मात्र आधी घासून काढले, कारण त्याचा धूर छातीला अपायकारक असतो. वेल्डिंगनंतर तेथे जस्ताचा रंग दिला.

मधले झाकण पूर्वीच्याच आकाराचे, पण फायबरचे केले. ते भार वाहत नाही. हलके आणि न गंजणारे असले की झाले. फायबरचे दोन पातळ थर आणि मधे फेसाचा पाट, अशी त्याची रचना आहे. पाटाने दोन्ही थर एकमेकांपासून दूर धरल्यामुळे थोड्या वजनात पुष्कळ ताठपणा येतो. झाकण आठ किलो भरले. एका कडेला बिजागरी असल्यामुळे उचलताना निम्माच भार, म्हणजे सुमारे चार किलो, हातावर येतो. फायबर पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून ते कोठेही आवळून न बसवता रबरी पट्टीवर टेकवले आहे. बिजागरीचे स्क्रू गंजरोधक पोलादाचे असून धातूंमध्ये नायलॉनच्या चकत्या आहेत. ऊन फायबरच्या राळेलाही खाते, म्हणून वर पांढरा लेप दिला आहे. तो काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल.

गेल्या श्रावणात काका पुन्हा जव्हारला निघाले. काकी आधी गाडीजवळ आल्या, एका हाताने झाकण उचलून पाहिले, खाली केले आणि मग आत जाऊन बसल्या. रात्रभर पाऊस पडला. सकाळी नातीचा मला फोन आला : "सर, अंथरूण कोरडे आहे."

मित्रांनो, पदार्थांना स्वतःचे गुण असतात. पण ते कोणाशेजारी, कोणत्या हवेत आणि कोणत्या कामावर ठेवले आहेत, यावर त्यांचे टिकणे अवलंबून असते. हे मी पुस्तकात वाचले होते. शिकलो मात्र काकांच्या छपरावर.

करून पाहा

१) तीन काचेच्या पेल्यांत सारखेच मिठाचे पाणी घ्या. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळलेला खिळा आणि तिसऱ्यात जी.आय. तार गुंडाळलेला खिळा ठेवा. खिळे आधी पॉलिश कागदाने घासा. आठ दिवस रोज नोंद करा. कोणता खिळा सर्वांत जास्त गंजला? का?

२) पुठ्ठ्याच्या खोक्याचा नालीदार तुकडा घ्या. तेवढ्याच आकाराचे साधे कागद एकमेकांवर ठेवून त्याच वजनाची चळत करा. दोन्ही दोन पुस्तकांमध्ये पुलासारखे ठेवून मधे नाणी रचत जा. कोणता आधी वाकतो?

३) तुमच्या घराच्या, शाळेच्या किंवा गोठ्याच्या छपराकडे पाहा. तेथे कोणकोणते पदार्थ एकमेकांना टेकले आहेत? कोठे गंज किंवा पांढरी भुकटी दिसते का? छपरावर चढू नका. खालून दिसते तेवढेच टिपा.